मुद्रितशोधकाचे तास



श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या विद्वत्तेविषयी मराठीत पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. त्यांच्या कारभाराविषयी त्या मानाने फारच थोडे. १९२० ते १९२९ या काळात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड निघाले: पाच प्रस्तावनेचे, सोळा मुख्य मजकुराचे, एक सूचीचा आणि एक हिंदुस्थानावरचा. पाठीशी सरकारी खाते नाही, विद्यापीठ नाही. मर्यादित जबाबदारीची कंपनी काढायची, तिचे भाग विकायचे, छपाईआधीच वर्गणीदार गाठायचे आणि आलेल्या पैशांवर माणसे बसवून मजकूर तयार करून घ्यायचा, अशी ती रीत होती. तेवीस खंड एकट्याच्या प्रतिभेने होत नाहीत, ते कचेरी करते. केतकरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानात मला त्या कचेरीची बाजू घ्यायची आहे. मात्र बोलायचे आहे ते आजच्या एका निराळ्या कचेरीविषयी. तिथे पगार नाही, हजेरीपट नाही आणि बऱ्याचदा बसायला जागाही नाही. मुक्त ज्ञानासाठी काम करणारे प्रादेशिक स्वयंसेवकांचे गट आपल्या कामांची आखणी कशी करतात आणि ती कशी व्हायला हवी, हा आजचा विषय.

मुक्त ज्ञान आणि फुकट वाचायला मिळणारे ज्ञान यांत फरक आहे. जो मजकूर कोणालाही उतरवून घेता येतो, सुधारता येतो, पुन्हा छापता येतो आणि हवे तर विकताही येतो, तो मुक्त. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आज त्यावर लाखाच्या आसपास लेख आहेत. त्याच्या शेजारी विकिस्रोत आहे. तिथे स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके पानापानाने उतरवली जातात. छायाचित्रांसाठी कॉमन्स आहे, माहितीच्या सुट्या नोंदींसाठी विकिडेटा आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे आठ कोटी तीस लाख लोक होते. त्यांतून दर महिन्याला नेमाने संपादन करणाऱ्यांची मोजदाद मात्र डझनांत करावी लागते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मराठी माणसाच्या उदासीनतेवर तासभर बोलता येते, आणि तसे बोलणारे पुष्कळ आहेत. मला त्यात रस नाही. आहेत त्या डझनांनी काय करावे, हा प्रश्न जास्त अवघड आहे आणि जास्त उपयोगाचाही.

अशा गटाची वार्षिक योजना कशी दिसते? वर्षात इतक्या कार्यशाळा, इतके नवे संपादक, इतके नवे लेख, इतकी छायाचित्रे. जानेवारीत भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, मार्चमध्ये महिला दिनाच्या निमित्ताने स्त्रियांवरचे लेख, सप्टेंबरात वारसास्थळांची छायाचित्रे. प्रत्येक रकान्यात आकडा, आणि दर वर्षीचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा मोठा. अनुदान देणाऱ्यालाही हे सोयीचे असते, कारण आकडा अहवालात घालता येतो. या योजनेत एक रकाना कुठेच नसतो: आलेला मजकूर तपासणार कोण, आणि त्याच्याकडे वेळ किती? माझे म्हणणे एवढेच आहे की प्रादेशिक गटाकडे सर्वांत दुर्मीळ असते ते तपासणाऱ्याचे लक्ष. लेखक, पैसा, यंत्र या गोष्टी त्या मानाने मिळून जातात. म्हणून प्रकल्पाचे माप त्या लक्षावरून ठरवले पाहिजे. गटातली अनुभवी माणसे वर्षाला किती तास तपासू शकतात, हे आधी मांडायचे आणि त्यात बसेल तेवढेच काम अंगावर घ्यायचे. पंगतीला वाढपी चार असताना पाने चारशे मांडली, तर आग्रहाच्या आमंत्रणाचा उपयोग काय?

पुरावा घरचाच आहे. २०११ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत एक शैक्षणिक उपक्रम प्रायोगिक पातळीवर सुरू केला. विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे, अशी ती कल्पना होती. कागदावर ती उत्तम होती: विषय अभ्यासक्रमातले, लिहिणारे तरुण, मदतीला प्रशिक्षित सहायक. प्रत्यक्षात शेकडो विद्यार्थी एकाच सत्रात उतरले आणि त्यांतल्या अनेकांनी पाठ्यपुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून मजकूर जसाच्या तसा उचलून चिकटवला. मदतीला नेमलेल्या सहायकांपैकी बरेचजण स्वतःच विकिपीडियाला नवखे होते. जगभरच्या जुन्या संपादकांना ते सगळे उपसत बसावे लागले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो प्रयोग थांबवण्यात आला. यावरून विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे. पण शाळेपासून उतारेच्या उतारे वहीत उतरवणे हाच ज्यांचा अभ्यास होता, त्यांनी इथेही तेच केले, यात नवल काय? दोष आखणीचा होता, कारण लिहिणाऱ्यांचा आकडा ठरला तेव्हा तपासणाऱ्यांचा आकडा कोणी विचारलाच नव्हता. आणि एक गोष्ट विसरू नये. हे इंग्रजी विकिपीडियावर घडले म्हणून उपसायला माणसे तरी होती. तोच लोंढा मराठी विकिपीडियावर आला असता, तर त्यातला निम्मा मजकूर आजही तिथेच असता.

दुसरा पुरावा शेजारच्या भाषांचा. त्याच सुमारास गुगलने पगारी अनुवादकांकडून इंग्रजी लेख भारतीय भाषांत आणण्याचा मोठा प्रकल्प चालवला. कोणते लेख आणायचे ते बरेचसे वाचकसंख्येवरून ठरले, त्यामुळे तमिळ विकिपीडियावर अमेरिकी पॉप गायक आणि हॉलिवूडचे नट अवतरले. भाषा अवघडलेली, दुवे तुटलेले, आणि अनुवादक तर लेख टाकून निघून गेलेले. बंगाली संपादकांनी असे लेख काढून टाकून दार बंद केले. तमिळ संपादकांनी निराळा मार्ग धरला. विषयांची यादी आम्ही देऊ, वेग आम्ही ठरवू आणि चुका दुरुस्त केल्याशिवाय पुढचा लेख टाकायचा नाही, अशी बोलणी त्यांनी केली. या दोन प्रतिक्रियांत कोण अधिक बरोबर, यावर वाद होऊ शकतो. मला तमिळांचा शहाणपणा अधिक भावतो. दोघांनीही ओळखलेली गोष्ट मात्र एकच होती. पैसे देऊन लेख आणता येतात, पण आलेला लेख आपला म्हणून सांभाळणारा माणूस त्या पैशात मिळत नाही.

तपासणे म्हणजे नेमके काय, हे एका पानाजवळ जाऊन पाहू. विकिस्रोतावर एका बाजूला जुन्या पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र असते, दुसऱ्या बाजूला यंत्राने त्यातून ओळखलेला मजकूर. १८८० च्या आसपासचे मराठी पुस्तक घ्या. जुन्या लेखनपद्धतीप्रमाणे पान अनुस्वारांनी भरलेले असते: तें, नाहीं, घरांत, मुलें. यंत्र त्यातले काही टिंब गाळते, आणि कागदावरचा डाग मात्र टिंब म्हणून घेते. घ चा ध होतो, थ चा य होतो, ख फुटून त्याचे र आणि व होतात. तळटीप मूळ परिच्छेदात घुसते. ‘१८८१’ चे ‘१८८९’ झाले तर वाक्य वाचताना काहीच खटकत नाही, कारण दोन्ही वर्षे शक्य असतात. तपासणाऱ्याला अक्षर अन् अक्षर छायाचित्राशी ताडून पाहावे लागते, आणि त्याहून कठीण म्हणजे स्वतःचा हात आवरावा लागतो: १९६२ च्या लेखननियमांवर वाढलेला माणूस ‘तें’ वरचा अनुस्वार नकळत पुसून टाकतो. पान एकदा तपासले की त्याचा रंग पिवळा होतो. दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासले की हिरवा. पिवळे करणाऱ्याला तेच पान हिरवे करता येत नाही, अशी व्यवस्था संगणक प्रणालीतच आहे. छापखान्यात मुद्रितशोधक दोन असावेत, हा जुना संकेत इथे नियम झाला आहे.

आता हिशेब मांडू. आकडे मी गृहीत धरतो. प्रत्येक गटाने ते स्वतःच्या अनुभवाने बदलावेत. पुस्तक तीनशे पानांचे. पहिल्या तपासणीला पानामागे पंधरा मिनिटे धरली तर पंचाहत्तर तास. दुसरीला दहा मिनिटे, म्हणजे पन्नास तास. स्वामित्वहक्काची खातरजमा, स्कॅन चढवणे, अनुक्रमणिका, प्रकरणांची जोडणी यांसाठी आणखी पंधरा. एकूण एकशेचाळीस तास. गटात नेमाने काम करणारी दहा माणसे आहेत आणि प्रत्येकजण आठवड्याला दोन तास देतो असे धरले, तर आठवड्याचे वीस तास होतात. एका पुस्तकाला सात आठवडे. दिवाळी, परीक्षा, लग्नसराई आणि आजारपणे वजा जाता वर्षाला सहा पुस्तके, फार तर सात. हा आकडा पहिल्यांदा पाहणाऱ्याचा चेहरा उतरतो. पाचशे पुस्तके मुक्त करण्याचा संकल्प सोडलेल्या सभेत सात हा आकडा सांगणे जिवावर येते. पण योजनेला खरी सुरुवात इथेच होते. सातच पुस्तके होणार असतील, तर ती कोणती?

आणि या प्रश्नाने सगळी चर्चा बदलते. पाचशेच्या यादीत निवड लागत नाही, समोर येईल ते टाकता येते. सातच्या यादीत हरिभाऊ आपटे आले तर कोणाला तरी जागा सोडावी लागते. हरिभाऊंची पुस्तके आजही बाजारात मिळतात, ग्रंथालयांत आहेत. ती या गटाने केली नाहीत तरी नष्ट होणार नाहीत. उलट १८५० साली सुरू झालेले ‘मराठी ज्ञानप्रसारक’, १८६७ पासून १९३७ पर्यंत चाललेले ‘विविधज्ञानविस्तार’, १८८१ पासूनचे ‘बालबोध’, अशा मासिकांचे अंक सगळीकडे सारखे मिळत नाहीत. मराठीत शास्त्रीय विषय पहिल्यांदा कसे मांडले गेले, हे त्यांत दिसते. राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत, अ पासून ड वर्गापर्यंत. तालुक्याच्या जुन्या वाचनालयात एखाद्या गावाचा, देवस्थानाचा, पिकाचा, कारागिरीचा छापील वृत्तांत पडलेला असतो, आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. प्रादेशिक गटाचे प्रादेशिकपण कामाला येते ते इथे. मुंबईतल्या किंवा बंगळुरूतल्या कार्यालयाला त्या कपाटापर्यंत पोहोचता येत नाही. त्या तालुक्यातल्या दोन संपादकांना येते. आपण केले नाही तर हे दुसरे कोणी करील का, ही कसोटी लावली की यादीतली अर्धी नावे आपोआप गळतात. राहिलेल्या अर्ध्यांवर भांडावे, आणि ते भांडण योजनेच्या बैठकीतच व्हावे.

हिशेबाचा दुसरा फायदा असा की पुस्तकांइतकाच, किंबहुना जास्त, मोलाचा एक प्रकल्प त्यातून पुढे येतो. त्याला ना उद्घाटन लागते ना सत्कार. भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे लेखन २०११ च्या १ जानेवारीला मुक्त झाले. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांचे २०१७ साली. ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण जुन्या मासिकाच्या एका अंकात पंधरा-वीस लेखक असतात. त्यांतला एखादा शिक्षक, मामलेदार, वैद्य कधी वारला हे कळल्याशिवाय त्याचा लेख उतरवता येत नाही. निनावी मजकुराला प्रसिद्धीपासून साठ वर्षांचा नियम आहे, पण टोपणनावामागचा माणूस उघड झालेला असेल तर पुन्हा मृत्युवर्ष शोधावे लागते. आज प्रत्येक स्वयंसेवक ही चौकशी पहिल्यापासून करतो, आणि तपासणीचे तास तिथेच खर्ची पडतात. मराठी लेखकांच्या मृत्युवर्षांची एकच सामायिक नोंदवही विकिडेटावर उभी केली, प्रत्येक नोंदीला कोशाचा किंवा मृत्युलेखाचा आधार जोडला, तर पुढच्या प्रत्येक कामातले तास वाचतील. कोश आणि जुनी वृत्तपत्रे चाळण्याची आवड असलेल्या निवृत्त ग्रंथपालाला हे काम घरबसल्या करता येईल. अहवालात त्याचा आकडा दिसायला लहान दिसतो, आणि म्हणूनच ते होत नाही.

मोठ्या सरकारी निर्णयांनीही हे गणित सुटत नाही, फक्त त्याची जागा बदलते. २०१३ साली गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला. निर्णय मोठ्या मनाचा होता. पण परवाना बदलला म्हणून छापील पाने संगणकावर येत नाहीत. विद्यार्थी आणि स्वयंसेवक बसले तेव्हा ती येऊ लागली. कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला तो २०१५ साली, आणि देवनागरी, रोमी, कन्नड अशा लिप्यांचा संसार त्याला एकाच छपराखाली करावा लागतो, ही तपासणाऱ्याची वेगळीच कसरत. तमिळनाडूत सरकार निवडक लेखकांच्या वारसांना रक्कम देऊन पुस्तके सार्वजनिक मालकीची करते. त्यांतली सुमारे दोन हजार पुस्तके स्कॅन होऊन तमिळ विकिस्रोताला मिळाली. महाराष्ट्राने हेवा करावा अशी ही गोष्ट आहे, आणि राज्यकर्त्यांकडे काही मागायचे असेल तर स्मारकांच्या आधी हे मागावे. पण तिथेही पाने लाखांत गेली आणि त्यांची तपासणी वर्षानुवर्षे चालत राहिली. सरकारने धरणाचे दार उघडले, शेतापर्यंतचे पाट स्वयंसेवकांनाच काढावे लागले.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा, की एवढे मोजूनमापून वागले तर नवी माणसे येणारच नाहीत. कार्यशाळेत पन्नास जण येतात, त्यांतला एक टिकतो. पन्नास बोलावलेच नाहीत तर तो एक कुठून मिळणार? आक्षेपात तथ्य आहे. पण तो एक का टिकतो, हे विचारले पाहिजे. बहुधा त्याच्या पहिल्या आठवड्यातल्या चुका कोणीतरी वेळ काढून त्याला दाखवल्या म्हणून. उरलेल्या एकोणपन्नासांचे लेख महिन्याभराने कोणी तरी काढून टाकतो, आणि तेवढेच उत्तर त्यांना मिळते. म्हणून कार्यशाळा जरूर घ्यावी, मात्र पुढच्या पंधरा दिवसांत जितक्यांची पाने पाहणे शक्य आहे तितक्यांचीच. शिवाय नवख्याला पहिल्याच दिवशी स्वतंत्र लेख लिहायला बसवू नये. उल्लेखनीयतेचे वाद, संदर्भांचे नियम, हटवण्याच्या सूचना यांत तो बिचारा गोंधळतो. त्याला विकिस्रोताचे एक पान द्यावे. चूक आणि बरोबर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, भांडायला कोणी येत नाही, आणि तासाभराने एक पान खरोखर पुरे झालेले असते. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामात तयार झाले. पुढे त्यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. ज्ञानकोशाच्या कचेरीने तेवीस खंडांबरोबर माणसेही घडवली. ताळेबंदात ती कुठे दाखवलेली नसणार, हे उघड आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. तपासणारे कमी असतील तर पगारी नेमा. केतकरांनीही माणसे पगारावरच ठेवली होती ना? होय, आणि काही कामांसाठी, विशेषतः स्कॅनिंगसाठी आणि संगणकीय जोडणीसाठी, पैसे द्यावेतच. स्वयंसेवकाने वेठबिगारी करावी असे माझे म्हणणे नाही. पण आपल्याकडे या पैशाचा भरवसा किती, ते पाहा. देशभराची संघटना म्हणून विकिमीडिया इंडियाची नोंदणी २०११ साली झाली आणि २०१९ साली फाउंडेशनने तिची मान्यता काढून घेतली. २०२० साली परकीय देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेने मिळालेला परकीय पैसा दुसरीकडे वळता करण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर उतरली. मोठ्या संस्थेकडून झिरपत येणाऱ्या अनुदानावर ज्या लहान गटांची भिस्त होती, त्यांचा मार्ग त्यामुळे अडला. कायदा बरा की वाईट, हा आजचा विषय नाही. पण पगार थांबल्यावर जो प्रकल्प तिसऱ्या महिन्यात ओस पडतो, तो गटाच्या तासांत बसतच नव्हता, एवढे त्यावरून कळते. पैसा येईल तेव्हा त्याने तपासणाऱ्यांचा वेळ वाचवावा: चांगला स्कॅनर, प्रवासखर्च, तालुक्याच्या ग्रंथालयाला प्रत जपण्यासाठी मदत. लेखांच्या संख्येवर बक्षिसे लावण्यात तो घातला, तर तपासण्याचे ओझे तेवढे वाढते. भारतीय भाषांतल्या लेखनस्पर्धांचा अनुभव साधारण असाच आहे. स्पर्धेच्या महिन्यांत आलेख उभा चढतो. पुढे त्या लेखांची डागडुजी करायला बक्षीस नसते.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. विकिपीडिया योजनेशिवाय वाढला, ज्याला जे सुचले ते त्याने लिहिले, आणि स्वयंसेवकाला वेळापत्रकात बांधले की त्यातला जीवच जातो, असे म्हणणारे लोक मला जवळचे वाटतात. इंग्रजीपुरते ते खरेही आहे. तिथे एकाने केलेली चूक दुसऱ्या दिवशी दहाजणांच्या नजरेस पडते, कारण नजराच तितक्या आहेत. मराठीत तालुक्यावरच्या लेखातली लोकसंख्या चुकली, तर ती पाच वर्षे तशीच राहू शकते आणि तोवर दोन वर्तमानपत्रांत छापूनही येते. नजरा मोजक्या असल्या की त्या कुठे वळवायच्या ते ठरवावे लागते. हे बंधन व्यक्तीवर नाही. ज्याला मध्यरात्री फुलपाखरांवर लेख लिहावासा वाटतो त्याने तो खुशाल लिहावा. गटाचे नाव, गटाचा पैसा आणि गटाचे सामायिक तास ज्या कामाला लागतात, त्यापुरतीच ही आखणी आहे.

आणि शेवटचा आक्षेप, जो आजकाल सर्वांत आधी घेतला जातो: हे सगळे यंत्र करील. अक्षर ओळखणे सुधारले आहे, अनुवाद सुधारला आहे, लेखच्या लेख यंत्र लिहून देते. खरे आहे, आणि यंत्राचा वापर टाळणे हा वेडेपणा ठरेल. पण चुकांचा प्रकार बदलला आहे, इकडे लक्ष द्या. जुने यंत्र चुकले की शब्द मोडका दिसायचा. ‘ध’ च्या जागी ‘घ’ आला की डोळा अडखळायचा. नवे यंत्र वाक्य गुळगुळीत करून देते. कागद फाटला असेल तिथे ते शोभेलसा शब्द बसवते, ‘नाहीं’ चे ‘नाही’ करते, आणि अपरिचित गावाच्या जागी परिचित गाव लिहिते. वाचताना कुठेही ठेच लागत नाही, म्हणून चूक सापडण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक बारकाईने मूळ पानाशी ताडावे लागते. पहिल्या तपासणीची पंधरा मिनिटे कदाचित आठावर येतील. दुसऱ्या तपासणीची दहा मात्र वाढतील, असा माझा अंदाज आहे. एकशेचाळीस तासांचे शंभर झाले तरी सात पुस्तकांची दहाच होणार. पाचशे होणार नाहीत. शिवाय याच मुक्त मजकुरावर उद्याची यंत्रे मराठी शिकणार आहेत. त्यात जे चुकीचे शिरेल ते यंत्राच्या तोंडून हजार ठिकाणी परत ऐकू येईल.

पुढच्या काही वर्षांपुरते एक उदाहरण देतो, म्हणजे आखणी किती आधी सुरू करावी लागते ते कळेल. आचार्य अत्रे १९६९ साली गेले. त्यांचे लेखन १ जानेवारी २०३० रोजी मुक्त होईल. इरावती कर्वे १९७० साली गेल्या. त्यांचे २०३१ साली. पुस्तकांचे सोपे आहे, ती मिळतात. अत्र्यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकाचे आणि ‘मराठा’ दैनिकाचे तसे नाही. त्या तारखेला अत्र्यांचा अग्रलेख उतरवता येईल, पण त्याच पानावरच्या शेजारच्या स्तंभाचा लेखक कदाचित त्यांच्यामागे वीस वर्षे जगलेला असेल, आणि त्याच्या खालची निनावी बातमी तोवर कधीच मुक्त झालेली असेल. स्कॅन केलेल्या एका पानातला कोणता चौकोन उघडायचा आणि कोणता झाकून ठेवायचा, हे तेव्हा ज्याला सांगायचे असेल, त्याने मृत्युवर्षांच्या नोंदवहीतली नावे आतापासून भरायला घ्यायला हवीत. आणि ते अंक नीट बांधलेल्या अवस्थेत कोणत्या ग्रंथालयात आहेत, त्यांतले कोणते महिने गहाळ आहेत, ही चौकशी गटातल्या दोघांनी येत्या वर्षात करायची, असे योजनेच्या पहिल्या पानावर लिहायला हरकत नाही.